पडद्यावरच्या म्हाताऱ्या वावरात का जात नाहीत?

काळी_माती

सिनेमात आणि मालिकांत म्हातारी बाई दिसतच नाही, असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. ती दिसते, रोज दिसते. पण ती कामाला जाताना दिसत नाही. त्यावर बोलायला हा धागा काढते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, कापसाच्या पट्ट्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इथे साठीची बाई म्हणजे घरातलं रिकामं माणूस नव्हे. ती निंदायला जाते, सोयाबीन सोंगायला जाते, कापूस वेचायला जाते आणि संध्याकाळी काट्यावर आपल्या गाठोड्याचं वजन स्वतः पाहून घेते, कारण वेचणीची मजुरी किलोवर असते. शेळ्या तिच्या. तुरीचं, बरबटीचं घरचं बियाणं राखेत घालून ठेवणारी ती. बचत गटात कर्ज कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, यात तिचा शब्द चालतो. मुलगा उधारीपायी तोंड चुकवत फिरत असला तर दुकानदाराशी बोलायला तीच जाते.

पडद्यावर याच वयाची बाई मला तीन ठिकाणी भेटते. देव्हाऱ्यासमोर, खाटेवर, नाहीतर भरजरी साडी नेसून सुनेविरुद्ध कट करताना. तिन्ही जागा घराच्या आतल्या.

हे आजचं नाही. १९५७ चा 'मदर इंडिया' सुरू होतो तोच हातात मातीचं ढेकूळ घेतलेल्या म्हाताऱ्या राधापासून. शेतात राबून पिकलेली इतक्या ताकदीची बाई आपल्याकडच्या पडद्यावर क्वचितच आली. पण तीही वय झालेल्या नटीच्या वाट्याला आली नाही. नर्गिस तेव्हा २८ वर्षांची होती आणि तिच्या मुलाचं काम करणारा सुनील दत्त तिच्याच वयाचा, दोघांचा जन्म जून १९२९ चा. राखी 'कभी कभी'त (१९७६) अमिताभची प्रेयसी होती, सहा वर्षांनी 'शक्ती'त त्याची आई झाली. वयानं ती त्याच्याहून लहान. आपल्या रीमा लागू १९९९ च्या 'वास्तव'मध्ये संजय दत्तच्या आई होत्या. दोघांच्या वयात जेमतेम एका वर्षाचं अंतर. तरुण नटीच्या केसांना पांढरा रंग लावायचा आणि खरी साठीची बाई घरी बसवायची, ही रीत अजून मोडलेली नाही. २०१९ च्या 'सांड की आंख'मध्ये साठी ओलांडल्यावर बंदूक हाती घेतलेल्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या दोघींची कामंसुद्धा तिशीच्या आसपासच्या नट्यांनीच केली.

तुमच्या गावातल्या बाईसारखी, पन्नाशीपुढची, स्वतःच्या कमाईची बाई तुम्ही कुठे पाहिली? विदर्भातली असेल तर आधी तिच्याबद्दल लिहा.

---

आर्णीचा_वाटसरू

ताई, 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). सतीश मनवरांचा. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, आपलीच बोली. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर आपला नवराही तसं करेल या धास्तीनं बायको सासूला आणि लहान मुलाला त्याच्यावर नजर ठेवायला लावते. ती सासू ज्योती सुभाष यांनी केली आहे. ना देवघर, ना कट. घरातल्या संकटात तिच्यावर काम सोपवलेलं आहे आणि ते ती तिच्या पद्धतीनं करते. सून आणि सासू एकाच बाजूला उभ्या आहेत हेही मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे कठीण दिवसांत बहुतेक घरांत असंच असतं, फक्त मालिकेत नसतं.

ज्योती सुभाष यांना 'वळू'त पाहा, 'देऊळ'मध्ये पाहा. गावातली वयस्क बाई त्या करतात तेव्हा पदर खोचण्यापासून सगळं खरं वाटतं.

---

झाडीतला

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजकडचा, म्हणजे वडसा. आमच्या इकडं सिनेमापेक्षा नाटकाचं वेड जास्त. दिवाळी झाली का मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) अन् रात्रभर नाटक. पार होळीपर्यंत चालते. वडसा तर नाटक मंडळ्यायचं गावच हाये. २०२३ मधी परशुराम खुणे यायले पद्मश्री भेटली, तवा बाहेरच्या लोकायनं झाडीपट्टी (आमचा पूर्व विदर्भातला धानाचा, जंगलाचा मुलूख) हे नाव ऐकलं.

ताईनं जे म्हटलं ते आमच्या स्टेजवर बी खरं हाये. बुढी मायचं काम असते, नाई असं नाई. पण ते रडण्यासाठी असते. पोरगा दारू पितो, माय रडते. पोरगा शहरात जातो, माय रडते. तिसऱ्या अंकात मरते. आता आमच्या धानपट्ट्यातल्या बाया पाहा. रोवणीले भर पावसात वाकून दिवसभर चिखलात उभ्या राह्यतात, अन् त्यात सगळ्यात सरळ ओळ कोणाची येते तं बुढीची. उन्हाळ्यात अंधारात उठून मोहफुलं वेचाले जातात, तेंदूपत्त्याचे पुडे बांधतात. जंगलातली कोणती वाट कोणत्या महिन्यात धोक्याची, हे तिले माहीत. हे सारं नाटकात आणाले काय लागते? काहीच नाई. एक टोपलं लागते.

अन् नाटक पाहाले पुढं चटई टाकून कोण बसते? याच बाया. तिकीट काढून, शाल घेऊन, पहाटवर. त्यायच्या पैशानं नाटक चालते अन् त्यायच्यावरच नाटक नाई.

---

रोहिणी_नक्षत्र

झाडीतला भाऊ, शेवटच्या दोन वाक्यांना माझे हात जोडून. +१

---

अकोल्याची_सून

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. सासूच्या मालिकांना एवढं हलकं लेखू नका.

माझ्या आत्याबाई (आमच्याकडे सासूला असंच म्हणतात) 'चार दिवस सासूचे' कधी चुकवत नसत. ती मालिका २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. रोहिणी हट्टंगडी त्यात घराचा कारभार हाकतात, पैशांचा निर्णय घेतात, मुलं त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आत्याबाईंच्या पिढीला आयुष्यात हे मिळालं नाही. लग्नानंतर सासरे, मग नवरा, मग मुलगा, सगळे निर्णय त्यांचेच. ज्या बाईचं घरात कोणी ऐकलं नाही, तिनं संध्याकाळी अर्धा तास एका बाईचं सगळे ऐकतात हे पाहिलं, तर त्यात तिचं काय चुकलं? वावरातलं काम ती दिवसभर करतेच. ते पुन्हा टीव्हीवर पाहायला तिला आवडेलच असं नाही.

दुसरं 'अग्गंबाई सासूबाई'चं. २०१९ मध्ये झी मराठीवर आली. विधवा सासूचं लग्न सून लावून देते. निवेदिता सराफांची आसावरी. आमच्या बचत गटात त्यावर चांगलंच वाजलं होतं. काही जणींना ते अजिबात पटलं नाही. पण एक मावशी, चाळीस वर्षांपासून एकटी, इतकंच म्हणाली, "तिले कोनी इचारलं तरी." त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. ही मालिका शहरातल्या सुखवस्तू घराची होती, मान्य. तरी वयस्क बाईला मन असतं हे आमच्या गटात मोठ्यानं बोललं गेलं ते तिच्यामुळे.

'बाईपण भारी देवा' (२०२३) पाहायला मात्र आम्ही जीप करून अमरावतीला गेलो. फार आवडला. पण त्यातली मंगळागौर आमच्या कष्टकरी बायांची नाही. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. तिची गाणी ज्यांना पूर्ण येतात त्या सगळ्या आता सत्तरीपुढे आहेत.

---

काळी_माती

अकोल्याची_सून ताई, तुमच्या आत्याबाईंना ते अर्धा तासाचं सुख मिळालं याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्या मावशीचं वाक्य तर मी वहीत उतरवून घेतलं.

पण मालिकेतल्या सासूची सत्ता कोणावर चालते ते पाहा. सुनेवर, मोलकरणीवर, फार तर मुलावर. घराच्या बाहेर तिला कोणी ओळखत नाही. ती तलाठ्याकडे जात नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे की नाही हा प्रश्न एकाही भागात येत नाही. आमच्याकडे नवरा गेल्यावर बाईचं अर्धं म्हातारपण याच कागदामागे जातं.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडचं अधिवेशन १९८६ मध्ये झालं. आपल्या विदर्भातूनही बाया तिथे गेल्या होत्या. लेकरं काखोटीला मारून, भाकरी बांधून. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं आवाहन केलं, घरच्या लक्ष्मीच्या नावानं जमीन करून द्या म्हणून, आणि गावोगावच्या पुरुषांनी खरोखर ती करून दिली. त्या बाया आज सत्तरीच्या आहेत. रस्त्यावर बसलेल्या, पोलिसांच्या गाडीत चढलेल्या. त्या आज कोणाच्या तरी आज्या आहेत. मालिकेतल्या एका तरी आजीला असा भूतकाळ आहे का? तिच्या तरुणपणाचा प्रसंग दाखवला तर तो लग्नाचा तरी असतो, नाहीतर लपवलेल्या मुलाचा.

---

वर्धा_ते_गोरेगाव

मी मूळ वर्धा जिल्ह्यातला. मालिकांच्या दिग्दर्शन विभागात काम करतो. हे असं का होतं ते आतून सांगतो.

पहिलं कारण वेळेचं. रोजच्या मालिकेला रोज जवळजवळ एका भागाचं चित्रीकरण हातावेगळं करावं लागतं. दिवाणखान्यात दिवे कायमचे लावलेले असतात. माणसं सोफ्यावर बसवली की तीन-चार प्रवेश एका बैठकीत होतात. शेतात गेलं की ऊन बदलतं, वाऱ्याचा आवाज येतो, एका प्रवेशाला अर्धा दिवस जातो. म्हणून आजी सोफ्यावर. कापूस वेचणारी बाई दाखवायची तर कापूस फुटलेलं वावर पाहिजे आणि ते वर्षातून काही महिनेच मिळतं.

दुसरं जागेचं. गावाकडची मालिका म्हणजे सातारा, कोल्हापूर नाहीतर कोकण. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडची, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरची, 'रात्रीस खेळ चाले' कोकणातली. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं पोचता येतं, राहायची सोय आहे, स्थानिक कलावंतांची फळी आहे. यवतमाळ-गडचिरोली खर्चात बसत नाही, असं बैठकीत सांगितलं जातं. तरीही 'लागिरं'मधली जिजी आठवा. कमल ठोके. आयुष्यभर शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्तीनंतर त्या घराघरांत पोचल्या. २०२० मध्ये त्या गेल्या तेव्हा लोकांना घरचं माणूस गेल्यासारखं झालं. वय झालेली, त्याच मातीतली बाई घेतली तर प्रेक्षक तिला डोक्यावर घेतो, याचा याहून मोठा पुरावा नको.

तिसरं कारण पैशाचं. जाहिरातदाराला खरेदी करणारी तरुण गृहिणी हवी असते आणि तिच्याच वयाच्या नायिकेभोवती गोष्ट फिरते. आजी तोंडी लावायला.

हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या जीना डेव्हिस यांच्या संस्थेनं अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीत २०१९ मध्ये सर्वांत जास्त चाललेले चित्रपट तपासले होते. कसोटी अगदी साधी. पन्नाशीपुढची एक तरी बाई गोष्टीला आवश्यक असावी आणि ती ठरावीक साच्यातली नसावी. चारांतला एकच चित्रपट उतरला. पन्नाशीपुढच्या पात्रांत बाया चौथा हिस्सा, बाकी सगळे पुरुष. साठीचा नट आजही नायक म्हणून विशीच्या मुलीबरोबर नाचतो. त्याच्या वयाच्या नीना गुप्तांना २०१७ मध्ये समाजमाध्यमावर जाहीर लिहावं लागलं की मी चांगली अभिनेत्री आहे, मला काम हवं आहे. मग पुढच्याच वर्षी त्यांचा 'बधाई हो' आला. त्यात सासूचं काम करणाऱ्या सुरेखा सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माणसं आहेत, तयारी आहे. लिहिणारे पाहिजेत.

---

धामणगावकर

विनोदी कार्यक्रमांचंही कोणीतरी बोला. तिथे म्हातारी बाई म्हणजे साडी नेसलेला पुरुष. कपिलच्या कार्यक्रमात दादी कोण होती? अली असगर. मराठी विनोदी कार्यक्रमांतही तेच. वाकून चालायचं, कवळी काढायची, तरुण पाहुण्याच्या अंगचटीला जायचं, की हशा. आणि भाषा वऱ्हाडी असली की आणखी हशा. भारत गणेशपुरे आमच्या अमरावतीकडचे, त्यांच्यामुळे वऱ्हाडी घराघरांत पोचली याचा अभिमान आहे. पण माझी आई याच भाषेत दुःखही सांगते, हिशेबही सांगते आणि मला रागावतेही. ते टीव्हीवर कधी ऐकू येणार?

---

दारव्ह्याची_लेक

सगळे मालिका-सिनेमावर बोलता आहात. मला बातम्यांबद्दल सांगू द्या, कारण आमच्या भागातली म्हातारी बाई टीव्हीवर सगळ्यात जास्त दिसते ती तिथेच.

माझ्या माहेरच्या गावात एका शेतकऱ्यानं आत्महत्या केली. काही दिवसांनी एका वाहिनीचे लोक आले. त्याची आई सकाळी शेळ्या घेऊन गेली होती. तिला बोलावून आणलं. मुलाचा फोटो हातात देऊन दारात बसवलं. ती रडली नाही, कर्जाबद्दल बोलायला लागली. बँकेचं किती, सावकाराचं किती, पेरणी दोनदा कशी करावी लागली, सगळं तिला तोंडपाठ होतं. त्यांनी ते थोडं घेतलं आणि मग मुलाच्या लहानपणाबद्दल विचारत राहिले. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री बातमीत तेवढंच होतं. आकडे एकही नव्हते.

त्या घरचं सगळं त्या बाईनं उभं केलं. नातवंडं शाळेत आहेत. पण ज्यांनी ती बातमी पाहिली, त्यांच्यासाठी ती जन्मभर दारात फोटो घेऊन बसलेली आहे.

याउलट 'तेरवं' हे नाटक पाहिलं तेव्हा मला धीर आला. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी बसवलेलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकाच त्यात रंगमंचावर उभ्या राहतात, गातात, प्रश्न विचारतात. त्यातल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. त्या वयानं तरुण. पण आपलं दुःख आपल्या शब्दांत, उभं राहून सांगता येतं हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या सासवांच्या पिढीला अजून तो रंगमंच मिळालेला नाही.

---

आर्णीचा_वाटसरू

दारव्ह्याची_लेक ताई, वाचून खूप वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

'नाळ'चं नाव (२०१८) राहून गेलं होतं. विदर्भातल्या नदीकाठच्या गावातलं घर, त्यातली आजी. तिच्या मरणानं गोष्ट वळण घेते. मला त्या घराचं वातावरण फार खरं वाटलं. पण काळी_माती ताईंच्या प्रश्नावर घासून पाहिलं तर तिथेही आजी ही नातवाच्या गोष्टीतलीच आजी आहे.

---

पोट्टी_बीएस्सी

मी अॅग्रीला आहे, दुसऱ्या वर्षाला. माझ्या पिढीतलं सांगते. आम्ही टीव्ही पाहतच नाही, मोबाईल पाहतो. आणि तिथे म्हाताऱ्या बाया कामासकट दिसतात!

गंगव्वा माहीत आहे का? गडचिरोलीची हद्द ओलांडली की तेलंगणा. तिथल्या जगतियाल जिल्ह्यातली शेतमजूर बाई. गावातल्या मुलांनी 'माय व्हिलेज शो' नावाचं यूट्यूब चॅनल काढलं, त्यात तिला घेतलं आणि ती तिच्याच बोलीत, तिच्याच तोऱ्यात बोलत राहिली. २०२० मध्ये तेलुगू बिग बॉसमध्ये गेली, पुढे सिनेमात कामं केली. तिला कोणी केस रंगवून म्हातारी केलं नाही आणि भाषा सुधारायलाही लावलं नाही. आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे आहेत, 'आपली आजी' म्हणून. सत्तरीत नातवाबरोबर यूट्यूबवर स्वयंपाक दाखवायला लागल्या.

मी माझ्या आजीचे व्हिडिओ करते. ती निंबोळ्या कुटून फवारणीचा अर्क कसा करते, ते टाकलं होतं. आमच्या सरांनी वर्गात दाखवलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग पैसे काहून नाई देत ते?" प्रश्न बरोबर आहे तिचा. वर्धा_ते_गोरेगाव दादा, तुमच्या मालिकेत गावातली बाई घेतली तर तिला नटीएवढे पैसे देतात का?

---

वर्धा_ते_गोरेगाव

नाही देत. गावातली माणसं बहुतेक वेळा गर्दीसाठी घेतात आणि रोजावर. कमल ठोकेंसारखं मुख्य पात्र क्वचित. आजीचा प्रश्न मी पुढच्या बैठकीत विचारणार आहे, तिच्याच शब्दांत.

---

झाडीतला

काळी_माती ताई, आमच्या मंडळीचे लेखक माझ्या वळखीचे हायेत. ह्या सीझनसाठी नवं नाटक लिहून रायले. त्यायले हा धागा वाचून दाखवला. ते म्हणले, बुढीले मरू देत नाई या वेळी, पण तिले तीन अंक कराले काय देऊ ते सांगा. कापसाकडचं मले समजत नाई. तुमी सांगा.

---

काळी_माती

भाऊ, त्यांना माझा नमस्कार सांगा. आज शाळेतून येताना वेचणीवरून परतणाऱ्या बायांना विचारूनच आले. त्यांनी सांगितलं ते देते.

पहिल्या अंकात काटा ठेवा. व्यापारी गावात कापूस घ्यायला येतो, वजनात मारतो, आणि म्हातारी आपल्या घरचं वजन माप घेऊन बसलेली असते. हे आमच्याकडे खरंच घडलेलं आहे, बायांनी हसत हसत सांगितलं. दुसऱ्या अंकात बचत गटाची बैठक. तिच्याच मुलानं सुनेच्या नावानं कर्ज मागितलं आहे आणि ती सगळ्यांसमोर नाही म्हणते, कारण मागचं फेडलेलं नाही. सून तिच्या बाजूनं उभी राहते. तिसऱ्या अंकासाठी त्यांतल्या दोघींचं एकमत झालं नाही. एक म्हणाली सातबारा दाखवा, तलाठी, फेरफार, सगळं. दुसरी म्हणाली, ते राहू द्या, तिले पंढरपूरले जाऊ द्या, एकटीनं, आपल्या पैशानं, घरी कोणाले न इचारता.

मला दुसरीचं जास्त आवडलं. पण लेखकांनी ठरवावं. आणि काम करणारी नटी पन्नाशीपुढची पाहिजे, एवढी अट माझ्याकडून. तारीख ठरली की कळवा, आम्ही वेचणीवरच्या सगळ्याजणी गाडी करून येतो.